घानाचं पाकीट, साडेचारशे रुपये

आधी तक्रारी सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

टपाल तिकिटांच्या ह्या दुकानाला पाटी नाही. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या अलीकडे एक बोळ आत जातो. तिथल्या वायरी-बटणांच्या दुकानाशेजारून लाकडी जिना चढायचा. जिना उभा, कठडा हलतो. गुडघे दुखत असतील तर निघण्याआधी फोन करा. मालक पेट्या घेऊन खाली येणार नाहीत, पण दुकान उघडं आहे की नाही एवढं तरी कळेल. दुपारी एक ते पाच बंद. (ही तक्रार धरायची का, हे वाचणारा कुठल्या गावचा त्यावर.) उजेड बेताचा. तिकीट बघायला चिमटा आणि भिंग देतात, पण भिंग दोरीने टेबलाच्या पायाला बांधलेलं, खिडकीपर्यंत पोचत नाही. घासाघीस केलेली चालत नाही. केली तर मालक काही बोलत नाहीत, नुसतं स्टॉकबुक (तिकिटं लावायची वही) मिटतात.

तरीही पाचपैकी साडेचार देणार आहे.

मी सहकारी बँकेत कॅशियर होते. नोट हातात आली की आधी चेहरा, मग सही, मग साल, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही आणि त्यातूनच मी जुन्या नाण्यांकडे आणि टपाल तिकिटांकडे वळले. आफ्रिकेची तिकिटं मी आधी ऑनलाइन मागवली होती, ‘शंभर वेगवेगळी’ म्हणून. आले काय, तर जिराफ, फुलपाखरं, फुटबॉल आणि अंतराळयानं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकसारखा पाव गोल शिक्का आणि मागे गोंद जसाच्या तसा. म्हणजे पत्राला ते कधी लागलंच नाही, संग्राहकांना विकायला गठ्ठ्याने शिक्के मारलेला माल. ह्याला आमच्यात सीटीओ, म्हणजे ‘कॅन्सल्ड टू ऑर्डर’, म्हणतात. दिसायला सुबक असतो, पण त्यातून कळत काही नाही.

ह्या दुकानात विषयवार काही मिळत नाही. मालक एक देश घेतात आणि साल लावत जातात. प्रत्येक ग्लासिनच्या (पातळ गुळगुळीत कागदाच्या) पाकिटात आपल्या बारीक अक्षरात एक चिठ्ठी: साल, कडेला किती दात्यांचं, कुठे डाग आहे, कुठला दाता तुटलाय. पुसट, फाटकं, दुरुस्त केलेलं, सगळं लिहिलेलं. बँकेत असे कर्मचारी मिळाले असते तर!

घानाचं पाकीट साडेचारशेला. तिकिटं विशेष दुर्मीळ नाहीत, जाणकार म्हणतील महाग घेतलंत. पण सालवार लावल्यामुळे ती ओळीने टेबलावर मांडली की एका माणसाचं राजकारण उलगडत जातं. तो माणूस क्वामे एन्क्रुमा, घानाचे पहिले पंतप्रधान आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. आमच्या पिढीने नाव ऐकलं ते अलिप्ततावादी चळवळीच्या संदर्भात, नेहरू-नासर-टिटोंच्या मागोमाग. त्यापलीकडे मला फार माहीत नव्हतं. पाकीट घेतल्यावर वाचत गेले.

पहिल्या चिठ्ठीवर १९४८. तिकीट गोल्ड कोस्टचं, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातल्या घानाचं, त्यावर सहावा जॉर्ज, आपल्याकडे होता तोच. एन्क्रुमा तेव्हा नुकते परतलेले. १९३५ला शिकायला अमेरिकेत गेले, लिंकन विद्यापीठात शिकले, तिथून १९४५ला लंडन, त्याच वर्षी मँचेस्टरची पॅन-आफ्रिकन (सगळ्या आफ्रिकेच्या एकजुटीची) काँग्रेस भरवण्यात पुढाकार. १९४७च्या डिसेंबरात ते मायदेशी आले ते वकील मंडळींनी काढलेल्या एका पक्षाचे, युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शनचे, सरचिटणीस म्हणून. त्यांचं नाव सुचवलं होतं अमेरिकेपासूनचे मित्र एको-अजेई ह्यांनी. हे नाव लक्षात ठेवा. पक्षाचे खरे कर्तेसवरते होते जे. बी. डांक्वा, नामांकित वकील. हेही लक्षात ठेवा.

२८ फेब्रुवारी १९४८ला राजधानी अक्रामध्ये माजी सैनिक अर्ज घेऊन गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाले. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेले लोक. आपल्याकडचेही कितीतरी त्याच आघाडीवर होते. पोलिसांनी गोळी चालवली, तिघे गेले, शहर पेटलं. सरकारने दंग्याचं खापर फोडून सहा पुढारी उचलले, त्यात एन्क्रुमा, डांक्वा आणि एको-अजेई तिघेही. त्या सहाजणांना तिकडे आजही ‘बिग सिक्स’ म्हणतात.

सुटल्यावर मात्र फाटलं. वकिलांचं म्हणणं, स्वराज्य शक्य तितक्या लवकर. एन्क्रुमांचं म्हणणं, आत्ता. पुणेकराला हा वाद जहाल-मवाळ म्हणून सांगितला की पुरतो. जून १९४९ला त्यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढली, बाजारातल्या बायका, कारकून, ड्रायव्हर, प्राथमिक शिक्षक जमवले. जानेवारी १९५०ला गांधीजींच्या धर्तीवर संप आणि बहिष्कार पुकारला आणि जेम्स फोर्टच्या तुरुंगात गेले. तिथे लिहायला कागद नव्हता, म्हणून टॉयलेट पेपरवर निरोप लिहून बाहेर पाठवायचे. फेब्रुवारी १९५१च्या निवडणुकीत आत बसूनच उभे राहिले आणि अक्रामध्ये २३,१२२पैकी २२,७८० मतं घेतली. आयुष्यभर बेरजा तपासल्यात, पण असा आकडा दोनदा वाचावा लागतो. गव्हर्नरने सोडलं आणि सरकार बनवायला बोलावलं. तुरुंगातून सुटलेले कार्यकर्ते टोपीवर ‘पी. जी.’ लिहायचे, प्रिझन ग्रॅज्युएट. येरवडा ज्यांच्या गावात आहे त्यांना ह्यातला अभिमान समजावून सांगायला नको.

पाकिटात ह्या सगळ्या काळाचं प्रतिनिधित्व करतं ते एलिझाबेथ राणीचं तिकीट. मग ६ मार्च १९५७. पहिलं तिकीट तेच राणीचं, त्यावर घानाचं नाव आणि स्वातंत्र्याची तारीख नुसती वरून छापलेली. दुसरं अगदी नवं. आफ्रिकेचा नकाशा, त्यावर पंख पसरलेलं गिधाड आणि एन्क्रुमांचा चेहरा. आदल्या मध्यरात्री पोलो ग्राउंडवर त्यांनी भाषण केलं ते उत्तरेकडच्या शेतकऱ्यांचा जाडाभरडा अंगरखा घालून आणि डोक्यावर ती ‘पी. जी.’ची टोपी. स्वातंत्र्यसोहळ्याला राणीच्या वतीने डचेस ऑफ केंट आलेल्या, पाहुण्यांत मार्टिन ल्यूथर किंग. बाकी आफ्रिका मोकळी होत नाही तोवर आमच्या स्वातंत्र्याला अर्थ नाही, असं त्यांनी त्या रात्रीच सांगून टाकलं.

इथे मालकांचं आणि माझं वाजलं. ते म्हणाले, “ताई, इथेच घसरला बघा. देश स्वतंत्र झाला आणि पहिल्या दिवशी स्वतःचं डोकं तिकिटावर.”

मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. तेव्हा तिथे औपचारिक राष्ट्रप्रमुख राणीच होती, १९६०पर्यंत. त्यामुळे लंडनमध्येही हाच ओरडा झाला, आणि एन्क्रुमांनी जूनमध्ये तिथल्याच एका वर्तमानपत्रात उत्तर दिलं. आमच्या पुष्कळ लोकांना लिहिता-वाचता येत नाही, आपण खरंच स्वतंत्र झालो हे त्यांना खुणेनेच दाखवायला हवं, असा त्याचा मथितार्थ. कॅशियर म्हणून मला हे शंभर टक्के मान्य आहे. आमच्या काउंटरवर अंगठा उठवणाऱ्या बायका यायच्या, नोटेवरचा एक शब्द न वाचता पाचशे आणि शंभर कधी चुकायच्या नाहीत. चित्र बदललं की राज्य बदललं, हे त्यांना कुणी भाषण करून सांगायला लागलं नसतं.

मालकांच्या मुद्द्यात तथ्य नाही असं नाही. मालकांनी लगेच दुसरी पेटी काढून माझ्यापुढे आपलं एक तिकीट ठेवलं: १८ एप्रिल १९५८, महर्षी कर्वे. हयात भारतीयाचं हे पहिलं भारतीय तिकीट, अण्णांच्या शंभरीचं. मी राहते कर्वेनगरमध्ये आणि हे तिकीट माझ्याकडे आहे, पण घानाच्या शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. एकाला शंभर वर्षं आणि एका संस्थेचं आयुष्यभराचं काम लागलं, दुसऱ्याला स्वातंत्र्याचा पहिला दिवस. नेहरूंचं तिकीटसुद्धा निघालं ते ते गेल्यावर, १९६४ला. मी म्हटलं, नेहरूंना गरज पडली नाही, कारण आपल्याकडे अशोकस्तंभ होता, तिरंगा होता, आणि गांधीजी होते. घानाने झेंड्यावर काळा तारा नवा घेतला होता, पण सामान्य माणसाला ओळखता येईल असं काय होतं? त्या एका माणसाचा चेहरा.

१९५८ची नाणी मात्र बघा. पाकिटात एक शिलिंग आहे (नाणं वेगळं घेतलं तर १८० रुपये, महाग आहे). एन्क्रुमांचं डोकं आणि भोवती चक्क लॅटिन मजकूर, ‘घाना राष्ट्राचा संस्थापक’ अशा अर्थाचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी चित्र, आणि चित्राभोवती जी भाषा गावातल्या शिक्षकालाही येत नाही ती! ही मात्र खूण लोकांसाठी नव्हती, लंडनसाठी होती. इथे मी मालकांना एक गुण दिला.

आता पाकिटाची खरी उणीव. १९५७ आणि १९६०च्या मध्ये तिकिटं छान आहेत, झेंडे, पक्षी, परिषदा. १९५८ साली अक्रामध्ये आफ्रिकेतल्या स्वतंत्र देशांची पहिली परिषद भरली, गिनी स्वतंत्र झाल्यावर फ्रान्सने हात काढून घेतला तेव्हा घानाने एक कोटी पौंडांचं कर्ज कबूल केलं, डिसेंबरात एन्क्रुमा भारतात येऊन गेले. सगळं उजळ. पण त्याच १९५८च्या जुलैत त्यांच्या सरकारने स्थानबद्धतेचा कायदा केला, कोर्टापुढे न नेता पाच वर्षं आत ठेवण्याचा. आपल्याकडेही असा कायदा १९५०पासून होता हे खरं, पण त्यात सल्लागार मंडळ तरी होतं. आणि पुढे आणीबाणीत येरवड्यात कोणकोण बसलं हे आमच्या आळीतल्या घराघराने पाहिलंय, तेव्हा मी आपली बाजू फार धुतलेली आहे असं म्हणत नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच: घसरण चेहऱ्यापाशी सुरू झाली नाही, ह्या कायद्यापाशी झाली. आणि कायद्याचं तिकीट निघत नाही. पाकीट सालवार लावूनही ही जागा त्यात कोरी राहते. हे मी मालकांना सांगितलं. त्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, मग एका रिकाम्या ग्लासिनमध्ये ‘जुलै १९५८, विनाचौकशी अटकेचा कायदा’ अशी चिठ्ठी घालून १९५७ आणि १९६०च्या मध्ये सरकवली. आता विकतात त्या पाकिटांतही ती असते. अर्धा तारा वाढला तो ह्याचा.

त्या रिकाम्या पाकिटामुळे पुढची तिकिटं वेगळी दिसतात. जुलै १९६०ला प्रजासत्ताक, एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष. निवडणुकीत विरोधी उमेदवार डांक्वा. २१ सप्टेंबर, एन्क्रुमांचा जन्मदिवस, आता ‘संस्थापक दिन’ आणि दरवर्षी त्याची तिकिटं. चेहरा एका तिकिटावर होता तो आता पानभर. ह्यातली बरीचशी सीटीओच आहेत, न्यूयॉर्कच्या एका एजन्सीमार्फत संग्राहकांना विकलेली, आणि मालकांनी चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे घानातल्या शेतकऱ्याला दाखवायची खूण आता अमेरिकेतल्या अल्बमसाठी छापली जात होती.

१ ऑगस्ट १९६२ला कुलुंगुगु गावात त्यांच्यावर बाँब टाकला गेला. ते वाचले. आरोपींत कोण? परराष्ट्रमंत्री एको-अजेई, म्हणजे ज्यांनी त्यांना बोलावून आणलं तेच. कोर्टाने १९६३च्या डिसेंबरात निर्दोष सोडलं, तर एन्क्रुमांनी सरन्यायाधीशच काढून टाकले. पुन्हा खटला, फाशी, मग ती रद्द करून कैद. १९६४ला एकच पक्ष ठेवण्यासाठी सार्वमत आणि त्यात ९९ टक्क्यांवर ‘हो’. १९५१चा आकडा मी दोनदा वाचला होता, हा एकदाच वाचून बाजूला ठेवला. आणि फेब्रुवारी १९६५मध्ये डांक्वा न्सावामच्या तुरुंगात वारले, विनाचौकशी.

आता माझ्या आवडीचा भाग, क्षमा करा, जरा लांबेल. १९ जुलै १९६५ला घानाने पौंड सोडून सेडी आणला. पाकिटात त्याची तिकिटं आहेत, जुन्या पेन्सच्या तिकिटांवर नवी किंमत आणि ही तारीख वरून छापलेली. हिशोब मजेदार होता. एक सेडी म्हणजे जुने शंभर पेन्स. पौंडात २४० पेन्स, म्हणून पौंडाला २.४ सेडी. आपण १९५७ला रुपया तोच ठेवून आणे मोडले, तरी आई म्हणायची भाजीवाल्याशी भांडणं वर्षभर चालली. इथे तर मुख्य चलनच बदललं, आणि नव्या नोटेवर अर्थातच एन्क्रुमा. त्याच वर्षी जगभर कोकोचे भाव कोसळले, आणि घानाची तिजोरी कोकोवर चालायची.

तशातच अकोसोंबोचं धरण पुरं झालं. व्होल्टा नदी अडवून वीज, विजेवर ॲल्युमिनियम. एन्क्रुमांचं सगळ्यात मोठं स्वप्न, आणि हे खरोखर उभं राहिलं, आजही वीज देतंय. जानेवारी १९६६ला उद्घाटन. महिन्याभराने, २४ फेब्रुवारीला, ते हनोईला जायला निघून पेकिंगला (आजचं बीजिंग) पोचलेले असताना इकडे लष्कराने सत्ता घेतली. संसदेबाहेरचा त्यांचा पुतळा पाडला गेला.

मग बँकेचं काम सुरू झालं. नव्या सरकारला नोटेवरचा चेहरा नको होता. फेब्रुवारी १९६७ला ‘नवा सेडी’, १.२ जुन्या सेडीला एक नवा. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत लोकांनी दोनदा हिशोब शिकायचा. त्या काउंटरवर बसलेल्या बायांची मला फार दया येते. पाकिटातलं शेवटचं तिकीट त्याच साली निघालेलं, ‘२४ फेब्रुवारीच्या क्रांती’च्या वर्षपूर्तीचं. चेहरा नाही.

ह्याशिवाय मालकांकडे एक लिफाफा आहे, घानातल्या कुमासीहून मुंबईच्या एका पेढीला आलेला, त्यावर खरं वापरलेलं १९६५चं तिकीट. १,२०० रुपये सांगतात. परवडत असेल तर पाकिटाआधी तो घ्या. मी घेतला नाही, अजून तिथेच असेल.

पाकिटात नसलेली पण मी हट्टाने मागून घेतलेली वस्तू म्हणजे २००७ची एक सेडीची नोट, साठ रुपयांना. जुने दहा हजार सेडी म्हणजे हा एक, त्यावरून महागाईचा अंदाज करा. दर्शनी बाजूला ते सहाही जण ओळीने. एन्क्रुमा आहेत, त्यांच्या तुरुंगात वारलेले डांक्वा आहेत, फाशीची शिक्षा झालेले एको-अजेई आहेत. मागे अकोसोंबोचं धरण. एन्क्रुमा एकटे पुन्हा नोटेवर आले ते २०१०ला, दोन सेडीच्या. ती मालकांकडे नाही.

थोडक्यात कुणी जावं: सुरुवात करणाऱ्या मुलांनी नको, त्यांना जिराफच बरे, आणि मालकांना लहान मुलांचा हात लागलेला चालतही नाही. इतिहासाची आवड असलेल्याने जरूर. रोख किंवा यूपीआय, कार्ड नाही. तिकिटाबद्दल शंका निघाली तर बदलून देतात. माझ्या संचात एका तिकिटाचे दाते मागून चिकटवलेले निघाले आणि चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नव्हतं. मालकांनी भिंगाखाली धरलं, पुटपुटले आणि दुसरं दिलं, पावतीसुद्धा मागितली नाही.

मी आता गिनीचं सांगून ठेवलंय. उठावानंतर एन्क्रुमांना आसरा दिला तो गिनीचे राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे ह्यांनी, नुसता आसरा नाही, सहराष्ट्राध्यक्ष केलं. १९५८च्या त्या कर्जाची परतफेड म्हणा. १९७२ला बुखारेस्टच्या इस्पितळात ते गेले तोवर घर गिनीच्या राजधानीत, कोनाक्रीतच होतं. मालक म्हणाले दिवाळीनंतर या, माल आलाय पण साल लावायचं राहिलंय. आणि चिठ्ठ्यांसाठी कोऱ्या ग्लासिन पाकिटांचा एक गठ्ठा तुम्हीच घेऊन या, असंही म्हणाले.